बाटलीतली अक्कल

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की आपल्याकडे दोन गोष्टींचा बाजार जोरात चालतो. एक म्हणजे 'हमखास येणारे प्रश्न' आणि दुसरी म्हणजे 'स्मरणशक्ती वाढवणारं काहीतरी'. पूर्वी हे काहीतरी म्हणजे दुधात घालायची पावडर असायची. आता त्याच फळीवर फळांचे रस येऊन बसलेत. डाळिंब, ब्लूबेरी, आवळा, संत्रं... बाटलीवर फळाचं रसरशीत चित्र, त्याच्या शेजारी मेंदूचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरात 'वनस्पतिजन्य अँटीऑक्सिडंट', 'पॉलिफेनॉल', 'फोकस', 'मेमरी' वगैरे शब्दांची रास.

मला आज एवढंच म्हणायचं आहे की ते मेंदूचं चित्र त्या बाटलीवरून काढून टाकलं पाहिजे. कायमचं काढा असंही म्हणत नाही. कोणता पदार्थ, किती, कोणाला आणि कशाच्या तुलनेत, या चार प्रश्नांची उत्तरं विकणारा जोपर्यंत त्याच बाटलीवर छापत नाही, तोपर्यंत.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही की आहारतज्ज्ञ नाही. पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहितो. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. कोणी 'चालतंय हो' म्हणालं की आपण लगेच विचारतो, कुठल्या मशीनवर चालतंय? कुठल्या इनपुटवर? टेस्ट कोणी केली, ज्याने कोड लिहिला त्यानेच का? हे प्रश्न विचारायला मेंदूचा डॉक्टर असावं लागत नाही.

दुसरं म्हणजे या विषयात माझा थोडा स्वार्थही आहे. माझं गाव शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. ज्याच्या नावातच फळ आहे असं गाव! (कवठाची गूळ घालून केलेली चटणी ज्याने खाल्ली नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.) आमच्या भागात कांदा आहे, ऊस आहे आणि डाळिंबाच्या बागा आहेत. म्हणजे लोकांनी डाळिंब भरपूर खावं, यातच आमचा फायदा. तरीही मी हे लिहितोय, हे लक्षात घ्या.

निमित्त अगदी साधं झालं. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आत्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जांभळट रंगाच्या दोन बाटल्या दिसल्या. नातू दहावीला आहे. विचारलं तर म्हणाली, "अरे, डोक्याला चांगलं असतंय म्हणं. विकणारा सांगत होता, अमेरिकेत शोध लागलाय." किंमत पाचशेच्या आसपास. मी म्हटलं, "अगं आत्या, दारात डाळिंबाची बाग आहे की आपली!" त्यावर तिचं उत्तर ऐका. "ती काय, नुसती डाळिंबं. ह्यात औषध हाय."

विकणाऱ्याचं नाव मी घेणार नाही, कारण तो एकटा नाही आणि पहिलाही नाही. पण आत्याचं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. स्वतःच्या बागेतलं फळ म्हणजे नुसतं फळ, आणि त्याच फळाचा कुठल्या तरी कारखान्यातून आलेला, पाणी-साखर घातलेला अंश म्हणजे औषध... हा बदल एका चित्राने आणि चार शब्दांनी घडवून आणला. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचं हे गाव, तमाशाची परंपरा असलेलं. रंगमंचावरची बतावणी आमच्या लोकांना चांगली कळते. लेबलावरची मात्र कळत नाही, कारण ती शास्त्राचा फेटा बांधून येते.

तर आता ते 'अमेरिकेत लागलेले शोध' काय आहेत ते बघू.

पहिली गोष्ट, या रसांमधले पदार्थ खोटे नाहीत. डाळिंबात प्युनिकॅलॅजिन नावाचं टॅनिन असतं, जांभळ्या-निळ्या फळांत अँथोसायनिन असतात, संत्र्या-मोसंबीत हेस्पेरिडिनसारखी फ्लॅव्हॅनोन्स असतात. परीक्षानळीत ती जोरदार काम करतात. पण परीक्षानळीला तोंड, जठर, आतडं, यकृत यातलं काही नसतं. आणि रक्त व मेंदू यांच्या मधली भिंतही नसते. ही भिंत म्हणजे आमच्या भाषेत कडक फायरवॉल. रक्तात आलेलं जे ते मेंदूत शिरू लागलं तर आपण दोन दिवस जगणार नाही. म्हणून ती निवडून निवडून आत सोडते.

डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन हा मोठा रेणू आहे. तो अख्खाच्या अख्खा रक्तातसुद्धा नीट शोषला जात नाही. त्यातून एलॅजिक आम्ल सुटतं, आणि आतड्यातले जंतू त्याचे तुकडे करून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात. २०१६ साली छापलेल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या अभ्यासात डाळिंबातल्या अनेक रेणूंचं संगणकावर गणित मांडलं गेलं, की यातलं मेंदूच्या भिंतीपलीकडे कोण जाऊ शकेल? मूळ डाळिंबातले रेणू नापास झाले. पास होण्याची शक्यता दिसली ती युरोलिथिनांची. म्हणजे मेंदूपर्यंत काही पोचत असेल तर ते बाटलीत नसतंच, ते तुमच्या आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेलं असतं. आणि गंमत अशी की हे काम करणारे जंतू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. काहींच्या पोटात युरोलिथिन भरपूर बनतात, काहींच्या वेगळ्या जातीचे बनतात, आणि काहींच्या जवळजवळ बनतच नाहीत. एकच बाटली, एकच मात्रा, आणि तीन माणसांत तीन निकाल! यावर 'स्मरणशक्ती वाढवते' असं सरसकट कसं छापणार?

बरं, प्रत्यक्ष माणसांवरचे प्रयोग? आहेत की. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्मरणाच्या किरकोळ तक्रारी असलेली वयस्कर मंडळी, शेवटपर्यंत टिकली ती २८. चार आठवडे, रोज साधारण २४० मिलीलीटर डाळिंबाचा रस, दुसऱ्या गटाला तशाच चवीचं नकली पेय. रस पिणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत सुधारणा झाली. चांगली गोष्ट. पण २८ माणसं आणि चार आठवडे म्हणजे आमच्याकडे डेमो म्हणतात, रिलीज नव्हे.

त्याच विद्यापीठात मग मोठा प्रयोग झाला, तो २०२० साली छापला गेला. ५० ते ७५ वयाचे २६१ लोक, आणि चार आठवड्यांऐवजी बारा महिने. निकाल काय लागला? ज्या शब्दांच्या चाचणीत आधी सुधारणा दिसली होती, तिथे दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक आला नाही. आकृत्या शिकून लक्षात ठेवण्याच्या एका चाचणीत नकली पेयवाल्यांची थोडी घसरण झाली आणि रसवाले होते तिथेच राहिले. याचा अर्थ 'काहीच नाही' असा मी काढत नाही. इथे एखादा खरा धागा असेलही. पण नीट वाचा: पन्नाशीच्या पुढची माणसं, एक वर्ष, रोज पेलाभर, आणि फायदा म्हणजे 'घसरले नाहीत'. यातून पंधरा वर्षांच्या पोराचे बीजगणिताचे मार्क कुठून वाढले? आणि हो, या दोन्ही प्रयोगांना पैसा पुरवण्यात डाळिंबाचा रस विकणाऱ्या पॉम वंडरफुल या कंपनीचा हात होता. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण सावध मात्र व्हायचं असतं.

संत्र्याचंही बघा. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात २०१५ साली ३७ वयस्कर निरोगी लोकांना आठ आठवडे रोज अर्धा लीटर संत्र्याचा रस दिला. त्यात ३०५ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनोन्स होती, तुलनेच्या पेयात ३७. एकूण बौद्धिक चाचण्यांत किंचित सुधारणा आढळली. हा प्रयोग मला आवडला, कारण त्यात आकडा आहे! ३०५ विरुद्ध ३७. आता आपल्या दुकानातली संत्र्याच्या रसाची कुठलीही बाटली उचला आणि तिच्यावर फ्लॅव्हॅनोन्स किती मिलिग्रॅम आहेत ते शोधा. सापडलं तर मला जरूर सांगा.

अजून एक आकडा नेहमी फेकला जातो, ७६ टक्के. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या १८३६ जपानी वंशाच्या लोकांवर लक्ष ठेवून २००६ साली एक अहवाल निघाला. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा फळांचे-भाज्यांचे रस पिणाऱ्यांना अल्झायमरचा धोका, आठवड्यातून एकदाही न पिणाऱ्यांच्या मानाने, ७६ टक्क्यांनी कमी दिसला. दिसला, हे महत्त्वाचं. कोणालाही रस पाजून बघितलेलं नाही, कोण काय पितो हे विचारून पुढे काय झालं ते पाहिलं. रोज रस पिणारा माणूस आणखी काय काय करतो? कदाचित फिरायला जातो, वेळेवर झोपतो. संशोधकांनी असल्या गोष्टींचा हिशेब धरायचा प्रयत्न केला, पण न मोजलेल्या गोष्टीचा हिशेब कोण धरणार? असा अहवाल म्हणजे 'इथे खणून बघा' अशी खूण असते. आपल्याकडे ती खूणच विहीर म्हणून विकली जाते.

आता माझ्या आवडीच्या खटल्याकडे येतो. 'बाटलीवर मेंदू' या विषयाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कोका-कोला कंपनीने मिनिट मेड या नावाखाली अमेरिकेत एक रस काढला होता. लेबलावर ठळक अक्षरात 'पॉमेग्रॅनेट ब्लूबेरी', फळांची चित्रं, आणि मेंदूचं पोषण करायला मदत होते अशा अर्थाची ओळ. (त्यात डीएचए हे ओमेगा-३ घातलेलं होतं, त्याच्या जोरावर.) आत काय होतं? ९९.४ टक्के सफरचंद आणि द्राक्षांचा रस. डाळिंब ०.३ टक्के. ब्लूबेरी ०.२ टक्के. राहिलेला ०.१ टक्का रास्पबेरी. पॉम वंडरफुलने दावा ठोकला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी ग्राहक इतके भोळे नसतात असा सूर लावला, तेव्हा न्यायमूर्ती केनेडी म्हणाले की मला स्वतःलाच हा डाळिंबाचा रस वाटला होता! जून २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की लेबल सरकारी नियमात बसतं म्हणून फसवणुकीच्या दाव्यातून सुटका होत नाही. पुढे २०१६ साली ज्युरीने मूळ खटल्यात कौल कोका-कोलाच्या बाजूने दिला, हेही सांगायला हवं.

जरा हिशेब करू, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. ०.३ टक्के म्हणजे एका लीटरमध्ये ३ मिलीलीटर डाळिंब. अर्ध्या चमच्याहून जरासं जास्त. त्या प्रयोगातलं रोजचं २४० मिलीलीटर डाळिंब या पेयातून मिळवायचं तर रोज ८० लीटर प्यावं लागेल. शेळ्या-म्हशींसकट सगळं घर लागेल संपवायला.

हसू नका, आपल्याकडचं गणितही बघा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे 'फ्रूट ड्रिंक' म्हणायला फळाचा रस किमान १० टक्के असला की चालतो. लिंबू असेल तर ५ टक्के. म्हणजे डाळिंबाच्या 'फ्रूट ड्रिंक'मधून तेच २४० मिलीलीटर मिळवायचं झालं तर रोज २.४ लीटर गोड पाणी. बरं, अख्खा शुद्ध रस जरी घेतला तरी पेलाभर डाळिंबाच्या रसात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. वर्षाचे ८७ लीटर रस आणि जवळजवळ अकरा किलो साखर! ही फळाचीच साखर आहे म्हणून शरीर तिला मानाचं पान देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची जी मर्यादा सांगितली त्यात फळांच्या रसातली साखर धरलेली आहे, आणि शक्य तर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहा असा सल्ला आहे. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात धरलेली नाही. आत्याला मधुमेह आहे आणि नातवाने अर्धवट ठेवलेला पेला वाया नको म्हणून तीच संपवते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मेंदूचा फायदा जेव्हा व्हायचा तेव्हा होवो, साखर त्याच दिवशी चढते.

आणखी एक बारकी गोष्ट, शेतकऱ्यांसाठी मुद्दाम. डाळिंबातलं ते प्युनिकॅलॅजिन दाण्यांपेक्षा सालीत कितीतरी जास्त असतं. कारखान्यात फळ सालीसकट दाबतात तेव्हा ते रसात उतरतं. २००० साली छापलेल्या एका अभ्यासात असा कारखान्यातला रस नुसते दाणे पिळून काढलेल्या रसापेक्षा अँटीऑक्सिडंट ताकदीत साधारण दीडपट भरला होता. म्हणजे 'डाळिंबाचा रस' हा एक पदार्थच नाही! कसा काढला त्यावर आत काय आहे ते ठरतं. मग एका रसावरचा निकाल दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवायचा हक्क कोणी दिला?

या सगळ्यावर ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

उत्तर पहिलं: "नैसर्गिक आहे हो, फायदा नाही झाला तरी अपाय काय?"

हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. जो पदार्थ मेंदूवर चांगला परिणाम करू शकतो, तो वाईटही करू शकतो. दोन्हीकडे रसायनशास्त्र एकच.

कोकणात करमळं म्हणतात, आपल्याकडे कमरख, ते पाच धारांचं आंबट फळ. त्याचं सरबत करतात, लोणचं करतात. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसाला या फळाने किंवा त्याच्या रसाने न थांबणाऱ्या उचक्या लागतात, भ्रम होतो, फिट येतात, माणूस दगावतोसुद्धा. २०१३ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी त्याला कारण असलेला पदार्थ वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं कॅरॅम्बॉक्सिन. मूत्रपिंडं तो बाहेर टाकू शकली नाहीत की तो मेंदूतल्या चेतापेशींना नको इतकं उत्तेजित करतो. आता सांगा, नैसर्गिक आहे ना?

दुसरं, लक्ष्मणफळ. मामफळही म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर याने कॅन्सर बरा होतो म्हणून किती मेसेज फिरले असतील! हे आपल्या सीताफळाचंच भावंडं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, पार्किन्सनसारख्या आजाराचे रुग्ण प्रमाणाबाहेर आढळले, आणि १९९९ साली संशोधकांनी बोट दाखवलं ते या कुळातली फळं आणि पानांचा काढा यांच्याकडे. त्यात अ‍ॅनोनॅसिन नावाचा पदार्थ असतो, तो पेशीतलं ऊर्जेचं यंत्र बंद पाडतो. २००५ साली मोजलं तेव्हा एका फळात साधारण १५ मिलिग्रॅम आणि बाजारातल्या रसाच्या एका डब्यात ३६ मिलिग्रॅम भरलं. फळापेक्षा डब्यात जास्त! त्या आजाराचं तेच कारण, हे अजून शंभर टक्के ठरलेलं नाही. आणि यावरून कोणी पुरंदरच्या सीताफळाला घाबरू नये, हंगामात दोन-चार फळं खाणारा आणि रोज वाडगाभर काढा पिणारा यात फरक आहे. पण तोच तर माझा मुद्दा आहे. फरक मात्रेत आहे, आणि मात्रा सांगायलाच कोणी तयार नाही.

तिसरं, ग्रेपफ्रूट. याचा रस काही औषधं पचवणारं आतड्यातलं एन्झाइम बंद पाडतो, असं १९८९ साली कॅनडात अगदी योगायोगाने लक्षात आलं. फिटच्या आजारावर दिलं जाणारं कार्बामाझेपिन हे त्यातलंच एक औषध. रसाबरोबर घेतलं तर रक्तात त्याचं प्रमाण नको इतकं वाढतं. आपलं पपनस त्याच कुळातलं. आणि मुझफ्फरपूरची लिची तर आपल्याच देशातली. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० रुग्ण आले, बहुतेक लहान मुलं, आणि १२२ दगावले. रात्री उपाशी झोपलेल्या मुलांच्या रक्तातली साखर लिचीतल्या हायपोग्लायसिन आणि त्याच्या भावंडाने इतकी खाली आणली की मेंदू बंद पडू लागला. २०१७ साली हे शोधकार्य 'लॅन्सेट'च्या जागतिक आरोग्य नियतकालिकात आलं. भरल्या पोटी तीच लिची खाणारी मुलं हुंदडत होती. फळ तेच, इनपुट वेगळं, आउटपुट वेगळं.

उत्तर दुसरं: "आपल्या आयुर्वेदात हे सगळं आधीच सांगितलंय."

काय सांगितलंय ते तरी बघा. चरकाने बुद्धीसाठी म्हणून चार मेध्य रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यात एकही फळ नाही. आणि प्रत्येकाचं काय घ्यायचं तेही सांगितलंय. कोणाचा रस, कोणाचं चूर्ण दुधातून, कोणाचा कल्क. भावप्रकाशात गोड डाळिंबाला मेधा आणि बळ देणारं म्हटलंय, ते मी लपवत नाही. पण ते फळाबद्दल आहे, वैद्याने माणूस बघून द्यायच्या आहाराबद्दल आहे. वर्षभर फळीवर टिकणाऱ्या, साखर आणि रंग घातलेल्या बाटलीला भावमिश्रांनी काही सर्टिफिकेट दिलेलं नाही. खरं सांगू का, दोन हजार वर्षांपूर्वीचं चरकाचं डॉक्युमेंटेशन आजच्या बाटलीपेक्षा बरं आहे.

उत्तर तिसरं, आणि हे मला गावात ऐकावं लागतं: "तू शहरात बसून लिहितोस. रस खपला तर डाळिंब खपेल, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. तू कशाला आडवा येतोस?"

हा प्रश्न खरा आहे म्हणून नीट उत्तर देतो. डाळिंबाची बाग म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पाण्याचा ताण द्यायचा, पानगळ करायची, बहार धरायचा, मग पाऊस लांबला तर तेल्या येतो, नाहीतर मर रोगाने झाडंच वाळतात. एवढं करून हाती आलेल्या फळातलं चांगलं फळ बाजारात जातं आणि तडकलेलं, डागी फळ रसाला. तो रसही पेयात जातो किती? दहा टक्के, नाहीतर ०.३ टक्के! मेंदूच्या चित्रामुळे जी किंमत वाढते ती चित्राची वाढते, डाळिंबाची नाही. उलट लोकांच्या मनात असं बसतं की फळ म्हणजे 'नुसतं' आणि बाटली म्हणजे औषध. आत्याचं वाक्य आठवा. ज्या दिवशी डाळिंब पिकवणाऱ्या घरातली बाई पाचशे रुपये देऊन डाळिंबाचं पाणी विकत आणते, त्या दिवशी शेतकऱ्याचा फायदा झाला की तोटा?

आणि उद्या दावा फसला की नाव कोणाचं खराब होणार? पॉम वंडरफुलचंच बघा, वर वादी म्हणून आलेली ही कंपनी काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिच्या हृदयरोग आणि प्रोस्टेट कॅन्सरबद्दलच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत असा निकाल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१३ मध्ये दिला आणि २०१५ साली वरच्या न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला. करोडो डॉलरचं संशोधन करून घेतलेल्या कंपनीची ही गत. मग आपल्याकडे शून्य संशोधनावर मेंदू छापणाऱ्यांचं काय?

उरला कायदा. १९४५ च्या औषध नियमांना एक 'अनुसूची जे' जोडलेली आहे. कोणत्या गोष्टी बऱ्या करतो किंवा करून देतो असं औषधाने म्हणूच नये, त्यांची ती यादी. त्यात 'मेंदूची क्षमता वाढवणे आणि स्मरणशक्ती सुधारणे' हे स्पष्ट लिहिलंय! म्हणजे केमिस्टच्या फडताळातली गोळी जे बोलू शकत नाही ते शेजारच्या फळीवरचं सरबत बिनधास्त बोलतं, कारण ते 'अन्न' आहे. अन्नासाठीही २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, त्यात दाव्याला शास्त्रीय आधार हवा असं म्हटलंय, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. कागदावर सगळं आहे. पण आधार बाटलीवर दाखवायची सक्ती नाही, म्हणून आधार कपाटात आणि चित्र बाटलीवर.

काहीच हलत नाही असं मात्र नाही. एप्रिल २०२४ मध्ये बोर्नव्हिटासारख्या पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, असं केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द लेबलावरून आणि जाहिरातींतून काढायला लावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर साखरेच्या पेयांच्या नावातून 'ओआरएस' हा शब्दच काढायला लावला, आणि त्यामागे हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष या बालरोगतज्ज्ञ बाईंची आठ वर्षांची चिकाटी होती. एक शब्द काढायला आठ वर्षं! पण निघाला. मग मेंदूचं चित्र का निघणार नाही?

माझी मागणी फार नाही. 'स्मरणशक्ती', 'एकाग्रता', 'मेंदू' यातलं काहीही शब्दात किंवा चित्रात आलं, की त्याच आकाराच्या अक्षरात चार ओळी हव्यात: कोणता पदार्थ, एका पेल्यात किती मिलिग्रॅम, कोणत्या वयाच्या किती माणसांवर किती दिवस तपासला, आणि सोबत साखर किती. शिवाय, कोणती औषधं घेणाऱ्यांनी किंवा कोणता आजार असणाऱ्यांनी हे टाळावं. हे छापून दाखवा आणि मग खुशाल मेंदू काढा. दोन काढा!

तोपर्यंत आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. असं लेबल दिसलं की फोटो काढून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर तक्रार टाकायची. मी दोन टाकल्या आहेत. आणि घरात दहावीचं पोर असेल तर त्याला डाळिंब सोलून द्यायचं, दाणे चावून खाऊ द्यायचे, आणि रात्री अकराला दिवा बंद करायचा. झोपेने पाठांतर पक्कं होतं यामागे कुठल्याही रसापेक्षा भक्कम पुरावा आहे. अडचण एवढीच की झोप बाटलीत भरता येत नाही, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही.